हवेचा पिवळा दिवा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच चिन्हाबद्दल आहेत. मीटरवर पिवळ्या रंगात वरून उघडी, तळाशी दातेरी कड असलेली एक कढई दिसते आणि तिच्यात उद्गारचिन्ह असतं. ती कढई म्हणजे आडवा कापलेला टायर. टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेचा, म्हणजे टीपीएमएसचा, हा दिवा. पत्रं निवडून, थोडी आटोपशीर करून खाली दिली आहेत.

उत्तरांकडे वळण्याआधी सगळ्यांसाठी एक गोष्ट. गाडी चालू केल्यावर दिवा लागून तसाच स्थिर राहिला, तर यंत्रणा म्हणतेय ‘हवा कमी आहे’. सुरुवातीला मिनिट-दीड मिनिट उघडझाप करून मग स्थिर झाला, तर यंत्रणा म्हणतेय ‘माझ्यातच बिघाड आहे’. बहुतेक गाड्यांत हा फरक असतो. गॅरेजला फोन करताना नुसतं ‘दिवा लागलाय’ म्हणू नका, यातलं नेमकं काय होतंय ते सांगा. मेकॅनिकचा अर्धा तास वाचतो.

डिसेंबर लागल्यापासून रोज सकाळी मुलांना शाळेत सोडायला निघालो की दिवा लागतो. दहा-अकरापर्यंत आपोआप जातो. पंक्चर नाही असं पंक्चरवाला सांगतो. सेन्सर गेला का? – एक वाचक, हिंडलगा

सेन्सर ठीक आहे आणि तो खरं सांगतोय. हवा थंड झाली की टायरमधला दाब उतरतो. कारच्या टायरमध्ये दर १० अंश सेल्सिअसमागे साधारण दीड पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक), असा हिशोब धरा. बेळगावात डिसेंबरच्या पहाटे पारा १४-१५ पर्यंत येतो आणि दुपारी २८-२९ वर जातो. म्हणजे नुसत्या दिवस-रात्रीच्या फरकाने दोन पीएसआय हलतात.

पण एवढ्याने दिवा लागत नाही. तो सहसा ठरलेल्या दाबापेक्षा २० ते २५ टक्के कमी झाल्यावर लागतो. तुमच्या गाडीला ३३ पीएसआय सांगितले असतील, तर साधारण २५-२६ ला. मग बाकीची हवा कुठे गेली? बहुधा भरतानाच कमी भरली गेली. दुपारी गाडी चालवून पंपावर गेलात, टायर तापलेला होता, आतली हवा समजा ४५ अंशांवर. त्या वेळी काट्यावर ३३ आले की भरणारा थांबतो. दुसऱ्या दिवशी पहाटे १४ अंशांवर त्याच टायरमध्ये २८-२९ च उरतात. शिवाय चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय आपसूक झिरपतात. दिवाळीच्या सुमारास भरलेली हवा डिसेंबरअखेर २६ वर येणं अगदी स्वाभाविक आहे. मग गाडी चालते, टायर तापतो, दाब दोनेक पीएसआयने वर जातो आणि दिवा विझतो. दिवा विझला म्हणून हवा भरली गेली असं मात्र होत नाही.

उपाय सोपा आहे. सकाळी, गाडी किमान तीन तास उभी असताना, घरच्या गेजने, म्हणजे हवा मोजायच्या काट्याने, चारही टायर मोजा. आकडा चालकाच्या बाजूच्या दरवाजाच्या खांबावर चिकटवलेल्या स्टिकरवर असतो, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा ‘जास्तीत जास्त’ असतो, तो भरायचा नसतो. पंप घरापासून लांब असेल तर सकाळी घरी मोजून किती कमी आहे ते लिहून घ्या. समजा ५ कमी आहेत, तर पंपावर पोचल्यावर तापलेल्या टायरचा जो आकडा दिसेल त्यात ५ वाढवा. आणि तापलेल्या टायरमध्ये ३६-३७ दिसले म्हणून हवा सोडू नका. ती चूक दुसऱ्या दिवशी सकाळी दिव्याच्या रूपाने परत येते.

हे सगळं करूनही चारांतला एकच टायर दर आठवड्याला दोन-तीनने उतरत असेल, तर थंडीचा दोष नाही. साबणाचं पाणी लावून बघा: आधी व्हॉल्व्हचं तोंड, मग व्हॉल्व्हचं बूड, मग रिम आणि टायर भेटतात ती कड, शेवटी ट्रेड, म्हणजे रस्त्याला टेकणारा खाचांचा भाग. पंक्चरवाले घाईत ट्रेडच तपासतात. गळती मात्र कितीदा तरी व्हॉल्व्हच्या पिनेतून असते. तोंडावर थेंबभर फेस ठेवला आणि त्याचा बुडबुडा सावकाश फुगत गेला, की पिन बदला. काम दोन मिनिटांचं आहे.

माझ्या गाडीच्या व्हॉल्व्हमध्ये सेन्सरच नाहीत असं टायरवाला म्हणतो, तरी दिवा लागतो. चारही टायरमध्ये हवा बरोबर भरली, दिवा जात नाही. – शिक्षिका, खानापूर

टायरवाला बरोबर आहे. तुमच्या गाडीत अप्रत्यक्ष पद्धतीची यंत्रणा आहे. ती हवा मोजत नाही, एबीएसच्या, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, सेन्सरकडून प्रत्येक चाकाचा वेग घेते. हवा कमी झालेला टायर किंचित बसतो, त्याचा घेर लहान होतो, त्यामुळे ते चाक इतरांपेक्षा जास्त फिरतं. हा फरक दिसला की दिवा लागतो.

तिला ‘बरोबर हवा म्हणजे किती’ हे तुम्हालाच शिकवावं लागतं. चारही टायर थंड असताना स्टिकरप्रमाणे भरा. मग रीसेटचं बटण काही सेकंद दाबून ठेवा, बटण नसेल तर स्क्रीनच्या मेनूत तो पर्याय शोधा. त्यानंतर वीस मिनिटं ते तासभर वेगवेगळ्या वेगाने गाडी चालवा, तेवढ्यात ती नवा हिशोब शिकते. हवा न तपासता, दिवा त्रास देतो म्हणून रीसेट करणं फार धोक्याचं. कमी हवेलाच ती ‘बरोबर’ धरून बसते आणि पुढे खरोखर पंक्चर झालं तरी उशिरा बोलते.

या पद्धतीच्या दोन मर्यादा ध्यानात ठेवा. चारही टायर सारखेच उतरले तर चाकांत फरक पडत नाही आणि ते तिच्या नजरेतून सुटू शकतं. दुसरं म्हणजे एकाच एक्सलवर एक नवा आणि एक झिजलेला टायर असेल तर घेर मुळातच वेगळे असतात आणि खोटा इशारा येतो. तुमच्याकडच्या पावसाळी, निसरड्या रस्त्यावर चाक घसरल्यानेही तसं होऊ शकतं. महिन्यातून एकदा गेज लावणं तुम्हाला चुकणार नाही.

चोर्ला घाटातून महिन्यात चार वेळा पणजीला जातो. बेळगावात माझा गेज ३३ दाखवतो तेव्हा मीटरवर ३२. पणजीत दोन्ही जवळजवळ सारखे. गेज बिघडलाय की सेन्सर? – व्यापारी, शहापूर, बेळगाव

दोन्ही ठीक असण्याची शक्यता जास्त आहे, आणि तुम्ही बारकाईने पाहिलंत याबद्दल तुमचं कौतुक. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच. इथे बाहेरच्या हवेचा दाब सुमारे १३.४ पीएसआय, पणजीत १४.७. हातातला गेज टायरच्या आतला आणि बाहेरचा यांतला फरक दाखवतो. टायरमधले बरेच सेन्सर मात्र आतला पूर्ण दाब मोजतात, आणि काही गाड्यांचा संगणक त्यातून समुद्रसपाटीचा ठरावीक आकडा वजा करून मीटरवर दाखवतो. म्हणून तशा गाड्यांत इथे मीटर गेजपेक्षा एकाने मागे राहतं आणि किनाऱ्यावर जुळतं. भरताना विश्वास चांगल्या गेजवर ठेवा, मीटरचा उपयोग बदल ओळखायला करा.

याच कारणाने इथे ३३ भरून घाट उतरलात, तर तापमान तेच असेल तेव्हा पणजीत गेजवर सव्वाने कमी येईल. किनाऱ्यावरची ऊब ते बरंचसं भरून काढते, त्यामुळे हवा वाढवायची गरज नाही. घाट उतरताना मीटरवर पुढच्या चाकांचे आकडे दोन-तीनने चढले तरी घाबरू नका. ब्रेकची उष्णता रिममधून टायरमध्ये जाते. पण एकाच चाकाचा आकडा बाकीच्यांना मागे टाकून चढत राहिला, तर त्या चाकाचा ब्रेक चिकटतोय असा संशय धरा. पायथ्याशी थांबून रिमजवळ तळहात न्या, हात लावू नका. धग लगेच कळते.

सात वर्षं झालेली सेदान. दिवा मिनिटभर लुकलुकतो, मग लागून राहतो. मागच्या डाव्या चाकाच्या जागी आकड्याऐवजी दोन आडव्या रेघा. हवा ठीक आहे. – एक वाचक, संकेश्वर

त्या चाकाच्या सेन्सरची बॅटरी संपत आली आहे किंवा संपली. कंपनीच्या सेन्सरमध्ये लिथियमची छोटी बॅटरी राळेत बंद केलेली असते. ती पाच ते दहा वर्षं चालते आणि वेगळी बदलता येत नाही, अख्खा सेन्सर बदलावा लागतो. थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो, म्हणून हे दुखणं सहसा याच दिवसांत उघडं पडतं.

तरी नवा सेन्सर घेण्याआधी खात्री करा. पहिली गोष्ट, गाडी उभी असताना सेन्सर झोपलेले असतात. ताशी २५-३० किलोमीटरच्या वर दहा-पंधरा मिनिटं चालवा आणि रेघा जातात का बघा. गेल्या नाहीत, तर टीपीएमएसचं हातातलं यंत्र असलेल्या टायरच्या दुकानात जा. ते यंत्र व्हॉल्व्हजवळ टायरच्या बाजूला धरून बटण दाबलं की सेन्सर जागा होतो आणि आपला क्रमांक, दाब, तापमान सांगतो, कित्येकदा बॅटरीची स्थितीही. तीन चाकं बोलली आणि एक गप्प, तर त्या चाकाचा सेन्सर गेला. चारही बोलतात पण मीटरवर रेघा, तर सेन्सरचा क्रमांक गाडीने ओळखलेला नाही किंवा रिसीव्हरकडे बिघाड आहे. आणि चारही चाकांच्या रेघा एकाच दिवशी आल्या, तर सेन्सरला हातही लावू नका. चार बॅटऱ्या एका रात्रीत मरत नाहीत. फ्यूज बघा, आणि अलीकडे डॅशकॅम, स्वस्तातला मोबाइल चार्जर किंवा एलईडी दिवे बसवलेत का ते आठवा. त्यांच्यातून निघणारा रेडिओ गोंगाट सेन्सरचा क्षीण संदेश गिळून टाकतो. एकेक वस्तू काढून गाडी चालवून बघा.

सेन्सर घेताना आपल्याकडच्या गाड्यांसाठी सहसा ४३३ मेगाहर्ट्झचा लागतो. अमेरिकी बाजारातले बरेच सेन्सर ३१५ चे असतात. ऑनलाइन स्वस्त दिसला म्हणून मागवलात तर टायरमध्ये बसेल, पण गाडीशी बोलणार नाही. बसवल्यावर क्रमांक गाडीत नोंदवून घ्या आणि चाकाचं बॅलन्सिंग करून घ्या, कारण सेन्सरचं स्वतःचं वजन असतं. सात वर्षांच्या गाडीत एक गेला की बाकीचे तिघे त्याच वयाचे आहेत. टायर यंदा बदलायचेच असतील, तर चारही सेन्सर तेव्हाच बदला. प्रत्येक वेळी टायर उतरवण्याची मजुरी वाचते.

हायवेला पंक्चर झालं. निपाणीत काढून घेतलं आणि तेव्हापासून सेन्सर बंद. पंक्चरवाल्याने फोडला असेल का? – एक वाचक, निपाणी

शक्य आहे. सेन्सर व्हॉल्व्हला आतून चिकटलेला असतो. टायर रिमपासून सुटा करायला मशीनचं जे फावडं दाबतात, ते व्हॉल्व्हवर पडलं की सेन्सरचं प्लॅस्टिक तडकतं. ते व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूला लावायचं असतं. टायर परत चढवतानाही शेवटची कड जिथे उडी मारून रिममध्ये बसते ती जागा व्हॉल्व्हपाशी येऊ द्यायची नसते. हे त्यांना माहीत नसेल असं गृहीत धरू नका आणि माहीत असेल असंही धरू नका. काम सुरू व्हायच्या आत ‘आत सेन्सर आहे’ असं सांगा, व्हॉल्व्हजवळ खडूने खूण करा.

खिळा ट्रेडमध्ये असेल आणि प्लगने भागत असेल तर टायर उतरवायचीच गरज नसते, आणि सेन्सरही सुरक्षित राहतो.

पण तुमच्या पत्रात पुढे एक वाक्य आहे: ‘पुन्हा पंक्चर नको म्हणून त्याने टायरमध्ये पातळ द्रव घातला.’ संशय त्याच्यावर जास्त आहे. उसाच्या हंगामात रस्त्यावर काय काय पडलेलं असतं ते सगळे जाणतात, त्यामुळे हा द्रव टाकायचा मोह होतो. त्यातला चीक आणि धागे सेन्सरच्या दाब मोजणाऱ्या बारीक छिद्रात बसले, की सेन्सर बोलतो पण चुकीचा आकडा देतो किंवा एकाच आकड्यावर अडकून राहतो. टायर उतरवून आतलं सगळं ओल्या फडक्याने पुसून घ्या. सेन्सरच्या छिद्रात टाचणी घालू नका आणि हवेची नळी जवळून मारू नका, आतला नाजूक पडदा फाटतो. पुढे द्रव टाकायचाच असेल तर डब्यावर ‘सेन्सरला चालतो’ असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या.

एक इशारा: ट्यूबलेस टायरमध्ये ‘आत ट्यूब टाकून देतो’ असा सल्ला मिळाला तर नाही म्हणा. आत सेन्सर असताना ट्यूब बसत नाही, आणि बसवलीच तर सेन्सर तिला घासून फोडतो.

अॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हचं बाकी एकच. त्यात निकेलचा मुलामा असलेली पिनच घाला आणि टोपण प्लॅस्टिकचं ठेवा. साधी पितळी पिन किंवा चकचकीत धातूचं टोपण घातलं तर दोन धातू ओलाव्यात एकमेकांना खातात आणि वर्षाभरात जाम होतात. पक्कड लावून फिरवलं की व्हॉल्व्हच मोडून हातात येतो. गोव्याला जा-ये असेल तर हे आणखी लवकर होतं.

माझा सहा चाकी टेम्पो हाय. बेळगावातनं गोव्याला भाजी नेतोय. टोपणासारखे बाहेरनं लावायचे सेन्सर घेतले. एक हवा गेल्याचं दाखवालंय, एक काहीच दाखवत न्हाई. आतल्या चाकाला कसं लावायचं ते बी सांगा की. – टेम्पोचालक, येळ्ळूर

तुमचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण मागच्या जोडीतलं आतलं चाक बसलं तरी बाहेरचं चाक गाडी उचलून धरतं आणि कळत नाही. मग दोघांचा भार एकावर येतो, तो टायर तापतो आणि घाटात फुटतो. रॉडने ठोकून आवाजावरून पूर्ण बसलेलं चाक कळतं, वीस टक्के उतरलेलं कळत नाही.

आधी खोक्यावर बघा, सेन्सर किती दाबापर्यंतचे आहेत. कारसाठीचे सेन्सर मालवाहू टायरच्या दाबाला पुरत नाहीत. टेम्पोच्या स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा निदान तीस-चाळीस टक्के वरपर्यंत जाणारेच घ्या.

हवा गेल्याचं दाखवतं ते चाक: टोपणाचा सेन्सर पिन दाबून ठेवतो, म्हणजे त्या चाकाची हवा आता सेन्सरच्या आतल्या रबरी वॉशरवर अडलेली असते. वॉशर फाटला किंवा तिरका बसला की हवा खरोखरच जाते. गेजने मोजा, मग सेन्सर बसवून त्याच्याभोवती साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर वॉशर बदला. सेन्सर हाताने घट्ट करा, पान्ह्याने आवळू नका.

काहीच न दाखवणारं चाक: झाकण उघडून बॅटरी बदला. नाण्यासारखी असते, बऱ्याच संचांत सीआर १६३२, पण आतली बघूनच घ्या. तरी नाही आलं, तर तोच सेन्सर पुढच्या चाकाला लावून बघा. तिथे बोलला तर सेन्सर चांगला आहे, मागून केबिनपर्यंत संदेश पोचत नाही. संदेश पुढे पोचवणारा, मध्ये बसवायचा रिपीटर मिळतो, तो चासीवर मागच्या एक्सलच्या जवळ लावा.

आतल्या चाकाला व्हॉल्व्ह वाढवणारी धातूच्या जाळीची नळी लावा आणि तिचं टोक बाहेरच्या रिमला क्लॅम्पने पक्कं करा. नळी मोकळी लोंबकळत ठेवलीत तर फिरताना आपटून तुटते. नुसत्या रबरी व्हॉल्व्हवर जड सेन्सर लावू नका. वेगात तो बाहेर फेकला जातो, बुडाशी रबर चिरतं. धातूचा व्हॉल्व्ह बसवून घ्या.

कमी हवेचा इशारा ठरलेल्या दाबाच्या १५ टक्के खाली लावा, जास्तीचा २५ टक्के वर. भाजी भरल्यावर नाही, सकाळी गाडी थंड असतानाच्या आकड्यावरून. यातलं तापमान बाहेरच्या टोपणाचं असतं, आतल्या टायरचं नाही. घाटात ब्रेक तापल्याचं त्यावरून वेळेत कळेल असं समजू नका, गिअर खाली ठेवूनच उतरा.

थोडक्यात

चिकोडीच्या वाचकांना: मीटरवर २.३ दिसतं ते बार आहे. एक बार म्हणजे १४.५ पीएसआय, तेव्हा २.३ म्हणजे ३३ च्या जरा वर. २३० दिसलं तर ते किलोपास्कल, दाब तोच.

नायट्रोजनबद्दल विचारणाऱ्या तिघांना: साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. सेन्सरला फरक कळत नाही, थंडीत दाब दोन्हींचा सारखाच उतरतो. नायट्रोजन भरलेल्या टायरमध्ये अडचणीला साधी हवा भरली तरी काही बिघडत नाही.

टिळकवाडीच्या वाचकांना, चाकं पुढे-मागे बदलल्यावर मीटर चुकीचं चाक दाखवतं: जागा नव्याने नोंदवून घ्यावी लागते. तोवर खात्री करायची तर एका चाकातून तीन-चार पीएसआय सोडा, थोडं चालवा, मीटरवर कुठला आकडा उतरला ते बघा आणि हवा परत भरा.

स्टेपनी न देता गाडी विकणं कायदेशीर आहे का, असं विचारणाऱ्या अनगोळच्या वाचकांना: हो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० मध्ये बदल झाला. साडेतीन टनांपर्यंतच्या, चालकासह नऊपर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचा संच आणि टीपीएमएस असेल तर स्टेपनी सक्तीची नाही. त्या संचातला द्रव कायम टिकत नाही. बाटलीवर मुदतीची तारीख छापलेली असते. डिकीचा गालिचा उचलून ती बघून ठेवा, आणि कॉम्प्रेसरची वायर मागच्या चाकापर्यंत पोचते का तेही अंगणातच एकदा करून बघा.